साडेअकराशे पुस्तकं आणि येणारं बाळ

सातवा महिना लागला तेव्हा एका रविवारी आम्ही दोघांनी टेप घेऊन आतली खोली मोजली. खोली लहानच आहे, तीन भिंतींना छतापर्यंत शेल्फं, चौथ्या भिंतीत खिडकी, आणि मधे जमिनीवर पुस्तकांच्या चवडी, त्यातून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. बाळाच्या कॉटची गादी साधारण १२० बाय ६० सेंटिमीटरची असते म्हणून तेवढा चौकोन वर्तमानपत्राचा कापून जमिनीवर ठेवून बघू म्हटलं, तर ठेवायला जमीनच नव्हती. शेवटी तो कागद चवडींच्याच वर पसरला आणि आम्ही बराच वेळ नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

ही खोली म्हणजे आमच्या लग्नाआधीच्या दोन आयुष्यांची बेरीज आहे. नवऱ्याची पक्ष्यांची, प्रवासाची, विज्ञानाची पुस्तकं, माझ्या कादंबऱ्या आणि कवितासंग्रह, कॉलेजातली समीक्षेची जाडजूड पुस्तकं, सासऱ्यांकडून आलेले शब्दकोश, ताईनं घर बदलताना "तुझ्याकडे नीट राहतील" म्हणून दिलेली दोन खोकी, मासिकांचे गठ्ठे. मोजली तर ११४३ भरली. ठरवलं, साडेचारशे ठेवायची. आकडा ठरवायला दोन मिनिटं लागली, त्यापुढचं सगळं करायला दोन महिने गेले.

डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पहिले निदान सहा महिने बाळाला तुमच्याच खोलीत झोपवा, तुमच्या बेडजवळ पण त्याच्या स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर, गादी सपाट आणि घट्ट हवी, त्यात उशी, गिरदी, मऊ खेळणी काही नको, आणि कॉट घ्याल तेव्हा दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मग घरी येताना दोघांच्याही मनात आलं की असं असेल तर आतल्या खोलीची घाई कशाला? पण सहा महिन्यांनी हे काम करायला आमच्याकडे झोप, वेळ आणि डोकं यातलं काहीतरी शिल्लक असेल का, हा प्रश्न होता. शिवाय तोवर सोबतीला येणाऱ्या माणसाला टेकायला जागा हवी, कपडे बदलायला टेबल हवं, रात्री बाळाला घेऊन बसायला एक बरी खुर्ची हवी. म्हणून आत्ताच.

पहिले दोन आठवडे आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो असं मला आता वाटतं. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं आणि "हे ठेवायचं का?" असं विचारायचं. उत्तर दर वेळी हो येतं. कारण पुस्तक हातात घेतलं की ते कधी घेतलं, कुणाबरोबर होतो, तेव्हा मी कोण व्हायचं ठरवत होते हे सगळं सोबत येतं. मी दोन वर्षांत रशियन शिकणार होते, त्याची चार पुस्तकं आहेत, ती बाहेर काढणं म्हणजे ते मनातून काढणं. दोन शनिवार-रविवार राबून आम्ही फक्त ३१ पुस्तकं बाजूला काढली होती आणि त्यातली सहा मी रात्री गुपचूप परत ठेवली.

मग नवऱ्याच्या एका ग्रंथपाल मैत्रिणीशी बोलणं झालं. ती म्हणाली, ग्रंथालयांत याला निर्लेखन म्हणतात आणि ते नेमानं करावंच लागतं, नाहीतर चांगली पुस्तकं कचऱ्याखाली दबून जातात. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७६ साली यासाठी एक पद्धत तयार झाली, ती अजून वापरतात. त्यात पुस्तक काढायची सहा कारणं आहेत, म्हणजे आता चुकीची ठरलेली माहिती देणारं, दुरुस्त होणार नाही इतकं खराब झालेलं, ज्याची नवी आवृत्ती आली आहे असं, जे तेव्हाच किरकोळ होतं असं, तिथल्या वाचकांना उपयोग नसलेलं, आणि दुसरीकडे सहज मिळणारं. आणि मग तिनं रंगनाथनांची आठवण करून दिली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ती म्हणाली, तू स्वतःला विचारतेयस की मला हे हवं का, त्याऐवजी पुस्तकाला विचार की तुला कोण हवंय.

हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि तिथून काम सुटलं. "नको" असा ढीग करणं मला जमत नव्हतं, पण माणसांच्या नावाचे ढीग करणं जमलं. वरच्या मजल्यावरच्या काकांचा ढीग, त्यांना इतिहास हवा असतो आणि डोळे अधू झाल्यापासून मोठा टाइप लागतो. भाच्याचा ढीग, तो अकरा वर्षांचा आहे आणि त्याला खगोलशास्त्राचं वेड आहे. माझ्या एका सहकारी मुलीचा ढीग, तिनं नुकतंच वाचायला सुरुवात केलीय आणि कुठून सुरू करू असं विचारत असते. रशियनची चार पुस्तकं ओळखीतल्या एका मुलाला दिली, तो क्लासला जातोय आणि त्याच्याकडे व्याकरणाचं पुस्तक नव्हतं. ती देताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण पंधरा दिवसांनी त्यानं त्या पुस्तकातल्या एका धड्याबद्दल शंका विचारली, तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे बारा वर्षं असून तो धडा मी उघडलाच नव्हता.

दुहेरी निघाली ती ३४ पुस्तकं. ती सोपी जातील असं वाटलं होतं, एक ठेवा एक द्या. बऱ्याच बाबतीत झालंही तसं. पण एका कादंबरीपाशी संध्याकाळ गेली. नवऱ्याची प्रत हॉस्टेलवरची, पेन्सिलनं अधोरेखित केलेली, कोपरे दुमडलेले. माझी प्रत जरा नीट, पण समासात हिरव्या शाईनं बारीक लिहिलेलं. तेव्हा आमची ओळखसुद्धा नव्हती. दोन्ही प्रती शेजारी उघडून बघत होतो तर एका पानावर दोघांच्याही खुणा. बाप स्टेशनवर थांबलाय आणि गाडी सुटतेय असा प्रसंग आहे, त्यानं बापाचं वाक्य अधोरेखित केलंय, आणि मी त्याच्या खालच्या तिसऱ्या ओळीतलं, मुलीनं मागे वळून बघितलं नाही ते. एकाच पानावर तो बापाबरोबर फलाटावर उभा आणि मी मुलीबरोबर गाडीत. आता आम्ही दोघंही आईबाप होणार आहोत आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा फलाटावरच्या माणसाचं वाक्य नीट वाचता आलं. नवऱ्यानं काय केलं, पुढचे तीन दिवस जेवण झाल्यावर बसून माझ्या हिरव्या शाईच्या सगळ्या नोंदी त्याच्या प्रतीत उतरवल्या, हिरवं पेन आणून. आता एकच प्रत आहे, तिच्यात पेन्सिल त्याची आणि हिरवं माझं, पण अक्षर दोन्ही त्याचंच. माझी प्रत त्या सहकारी मुलीच्या ढिगात गेली.

निर्लेखनाच्या यादीतलं पहिलं कारण, चुकीची माहिती, मी हसण्यावारी नेलं होतं. मग ताईच्या खोक्यात बालसंगोपनाचं एक जुनं पुस्तक सापडलं, कापडी बांधणीचं, कुणीतरी खूप वापरलेलं, लसींच्या तारखा मागच्या कोऱ्या पानावर पेननं लिहिलेल्या. मला ते इतकं आवडलं की मी ते थेट उशाशी नेलं. रात्री वाचताना झोपेचं प्रकरण आलं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की बाळाला पोटावर झोपवावं. एकेकाळी हाच सल्ला सर्रास दिला जायचा. नंतर लक्षात आलं की पालथं झोपवण्याचा आणि झोपेत बाळ अचानक दगावण्याचा संबंध आहे, अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला बदलला, १९९४ मध्ये बाळाला पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम झाली, आणि तिथे असे मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले. म्हणजे ते पुस्तक लिहिणाऱ्यानं प्रेमानंच लिहिलेलं होतं, वापरणारीनं प्रेमानंच वापरलं होतं, आणि तरी ते आज कुणाच्याही हातात पडायला नको. लसींच्या तारखांचं पान मी कापून ताईला दिलं, बाकीचं स्वतः फाडून रद्दीत घातलं. कुणाला द्यायचं नाही असंही पुस्तक असतं, हे मी तेव्हा मान्य केलं. जुनी औषधांची, कायद्याची, कॉम्प्युटरची पुस्तकं त्याच दिवशी निघाली. जे शिळं झालंय ते दुसऱ्याला देऊन दान केल्याचं समाधान घेऊ नये असं माझं ठाम मत झालंय. एका वाचनालयानं आमची दोन खोकी न बघताच परत पाठवली तेव्हा मी चिडले होते, पण लोक तिथे काय काय आणून टाकत असतील याची कल्पना आल्यावर राग गेला. पुढच्या वेळी आधी यादी करून नेली तर त्यांनी त्यातली पन्नासेक घेतलीही.

आता डांबर गोळ्यांचं सांगते, कारण हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं आणि मी अजून त्याचा विचार करते. शेल्फांच्या मागच्या बाजूला प्रत्येक खणात कापडाच्या पुरचुंड्या होत्या, काहींतल्या गोळ्या झिजून हरभऱ्याएवढ्या उरलेल्या. कसर लागू नये म्हणून सासूबाई वर्षानुवर्षं ठेवत आल्यात आणि मीही पुढे तेच केलं. पण गोळी झिजते म्हणजे ती हवेत जाते. या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनच्या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांच्या बाबतीत तर हे फार गंभीर होऊ शकतं, जोरदार कावीळ, रक्त कमी होणं. ही कमतरता मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसते आणि जन्माआधी आपल्याला काहीच माहीत नसतं. बाळाचे कपडे किंवा पांघरुणं डांबर गोळ्यांत ठेवलेली असली तर तोही धोकाच. सासूबाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं, त्यांनी एक शब्द न बोलता चष्मा लावला आणि स्वतः एकेक खण चाचपून सगळ्या पुरचुंड्या गोळा केल्या, मग आत जाऊन ट्रंक उघडली आणि नवऱ्याची लहानपणची झबली काढून वेगळ्या पिशवीत बांधली. त्या झबल्यांवर त्यांचा किती जीव होता हे मला माहीत आहे. त्यातलं एक त्यांनी फ्रेम करायला दिलंय, घालण्यापुरती मात्र सगळी नवीन.

गोळ्या गेल्या मग कसरीचं काय? कसरीला दमट हवा आणि बांधणीतली खळ लागते, म्हणून खोली कोरडी ठेवायची, शेल्फ भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढायचं, पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत. ज्या सात-आठ पुस्तकांत जिवंत किडे दिसले ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवली, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडली नाही, नाहीतर बाहेरची ओल थंड कागदावर धरते. मग खिडक्या उघड्या टाकून खोली महिनाभर हवेशीर केली. धुळीची पुस्तकं झटकताना मी खोलीत थांबत नव्हते, ते नवऱ्यानं मास्क लावून केलं.

वजनाचा अंदाज आम्हाला अजिबात नव्हता. पहिलं खोकं भरलं ते काट्यावर २७ किलो, नवऱ्याची पाठ दोन दिवस धरली. मी तर उचलायचंच नाही असं ठरलेलं, मी खुर्चीत बसून निवडायचे आणि वहीत लिहायचे. झेरॉक्सचं पाचशे कागदांचं रीम अडीच किलो भरतं आणि ते जेमतेम पाच सेंटिमीटर जाड असतं, यावरून बघा. भरलेल्या मीटरभर फळीवर वीस-तीस किलो सहज असतात. त्यामुळे खोकी लहान घ्या, बारा किलोच्या वर भरू नका, आणि चाकांची सूटकेस असेल तर ती पुस्तकांसाठीच वापरा.

हेच वजन बाळ उभं राहायला लागल्यावर वेगळ्या अर्थानं महत्त्वाचं होतं. नऊ-दहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते धरून उभं राहतं, फळी दिसली की पाय ठेवतं, आणि भिंतीला न जोडलेलं भरलेलं कपाट अंगावर येऊ शकतं. उरलेली दोन शेल्फं आम्ही वरच्या बाजूला एल पट्ट्या लावून भिंतीत स्क्रू करून घेतली, जड पुस्तकं खाली आणली, आणि कॉट जिथे येणार त्या भिंतीवर काहीच ठेवलं नाही, फोटोसुद्धा नाही. ताईच्या मोठ्या नणंदेकडून आलेली खूप जुनी चित्रांची पुस्तकं होती, रंग अजून छान आहेत, पण पूर्वीच्या छपाईच्या शाईत शिसं असू शकतं, अमेरिकेत १९८५ नंतर छापलेल्यांना हा धोका धरत नाहीत. बाळ पुस्तक आधी तोंडात घालणार, बघणार नंतर, म्हणून ती वरच्या फळीवर गेली, मांडीवर बसून आपण दाखवायला.

आता मोजली तर ४६२ आहेत. बारा जास्त. त्यातलं एक इथे सांगायलाच हवं.

नवऱ्याचं पक्ष्यांचं एक पुस्तक आहे, फिरताना पिशवीत ठेवायचं, पाठ उसवलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं. ते त्यानं स्वतःच द्यायच्या ढिगात ठेवलं होतं, कारण सगळे पक्षी आता फोनवर आवाजासकट मिळतात, म्हणजे यादीतलं सहावं कारण. त्या रात्री ढिगातून ते उचलून तो सहज मागची सूची चाळत होता आणि मोठ्यानं वाचायला लागला. अडई, कवडी, खंड्या, गप्पीदास, गायबगळा, घार, चंडोल, टिटवी, तांबट, दयाळ, धनेश, धोबी, नाचण. मी डोळे मिटून ऐकत होते. ही नावं लागोपाठ ऐकली की त्यांना एक ठेका येतो, कुणी मुद्दाम बसवलेला नाही तरी.

मला वाचलेलं आठवलं, डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये एक प्रयोग केला होता. गरोदर बायकांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्यानं वाचायला सांगितली. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीवरून त्यांना काय ऐकायचंय ते निवडता येईल अशी सोय केली, तर बाळांनी पोटात असताना ऐकलेलीच गोष्ट निवडली, ती दुसऱ्याच बाईच्या आवाजात असली तरीसुद्धा. म्हणजे आवाजाबरोबर त्यांनी त्या शब्दांचा ठेकाही धरून ठेवला होता. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पुस्तक खिडकीत ठेवलं, ढिगात नाही.

आता सहा आठवडे उरलेत. सूचीची दोन पानं आहेत, हळू वाचली तर पाच मिनिटं लागतात. सकाळी मी वाचते, कारण पोटातून बाळाला माझाच आवाज जास्त नीट ऐकू येणार, रात्री नवरा वाचतो, अगदी जवळ बसून. ज्या जमिनीवर कागद ठेवायला जागा नव्हती तिथे आता चटई आहे आणि आम्ही तिथेच बसतो, खोलीत आवाज जरा घुमतो, पुस्तकं कमी झाल्यामुळे असेल. मधे तो एकदा घाईत सातभाई गाळून सरळ सुगरणीवर गेला तर मी थांबवलं, क्रम तोच राहायला हवा.

साडेनऊ झाले. तो चटईवर बसलाय, पान उघडून. मी उठते आता, अडईपासून सुरू करायचंय.